पोच्यापर्यंत पाणी

प्रिय खारूताई,

रविवारी "दूध उतू जातंय, ठेवते" असं म्हणून मी फोन ठेवला, तेव्हा गॅसवर दूध नव्हतं. गॅसवर काहीच नव्हतं. तुझे बाबा समोर बसून कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू पिळत होते. त्यांनी रिकाम्या शेगडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा स्क्रूकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात माणूस एवढं शिकतोच.

तू विचारलं होतंस, "मावशी, बाळ तुला काय म्हणणार? आजी म्हणू दे ना?" साधा प्रश्न. एका शब्दात उत्तर देता आलं असतं, आणि मी खोट्या दुधामागे लपले. मग थोड्या वेळाने तुझा मेसेज आला, "राहू दे मावशी, सहज विचारलं." तुझं 'राहू दे' मला चांगलं ठाऊक आहे. लहानपणी डब्यातलं शेवटचं बिस्किट हवं असलं की तू असंच "राहू दे" म्हणायचीस आणि मग तासभर त्या डब्याकडे बघत बसायचीस. आत्ताही तू कुठल्या तरी डब्याकडे बघत बसली असशील, या विचाराने आठवडाभर माझं कामात लक्ष नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही, आणि या उत्तरात एक दात, बरंचसं पाणी आणि आपलं ते पोचा आलेलं पातेलं अशी सगळी मंडळी यायची आहेत. तेव्हा पाय वर घेऊन बस. जावयांना सांग, आजची भांडी त्यांच्याकडे.

मी या घरात आले तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. दार तूच उघडलंस. एक हात कडीवर, दुसऱ्या हाताचं बोट तोंडात, कारण खालचा एक दात हलत होता आणि तो हलवत राहायचा तुला नादच लागला होता. तू बोट बाहेर काढलंस, फ्रॉकला पुसलंस आणि म्हणालीस, "मी तुला आई म्हणणार नाही. मला आहे." तिला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, पण तू 'आहे' म्हणालीस. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभी, पाठ करून आणलेली सगळी वाक्यं विसरलेली. मी विचारलं, मग काय म्हणशील? तू थोडा विचार केलास. "मावशी चालेल?" चालेल की, मी म्हटलं. "पण मावशी आईची बहीण असते. तू कुठे आहेस?" नाही, मी नव्हते. "म्हणजे खोटं होईल." थोडंसं होईल, मी कबूल केलं. "थोडंसं चालतं," तू म्हणालीस आणि दार पूर्ण उघडलंस. बाबा मागे उभे राहून घाम पुसत होते. त्यांना वाटलं होतं, रडारड होणार. इथे तर दोन बायकांनी उंबऱ्यावरच सगळा करार करून टाकला होता.

त्या दिवशी मी मनाशी एक ठरवलं. त्या शब्दाला हात लावायचा नाही. तिच्या फोटोवरची धूळ मी पुसायचे, तू जिथे जन्मलीस त्या समुद्राकाठच्या घराच्या तुझ्या गोष्टी मी पुन्हा पुन्हा ऐकायचे, शिंपल्यांचा तुझा डबा मी कधी हलवला नाही. जागा तिची होती, रिकामी असली तरी तिची. आणि जी आई झाली नाही ती आजी कुठून होणार, असं माझं सरळ गणित होतं. हे सगळं मी तुझ्याशी कधी बोलले नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. रविवारी विचारलंस.

त्याच पहिल्या आठवड्यात तो दात पडला. बाबा त्यांच्या चष्म्यांच्या दुकानात होते. तू स्वयंपाकघरात आलीस, माझ्या ओल्या तळहातावर तो दात ठेवलास आणि दम दिलास, "सांभाळ. हरवू नकोस." मी घाबरून बाबांच्या बारीक स्क्रूंची एक पत्र्याची डबी रिकामी केली, कापूस घातला आणि दात त्यात ठेवला. त्या डबीबद्दल पुढे सांगते.

आता कामाचं. तुला आठवतं, तुझ्या शाळेच्या निबंधात तू लिहिलं होतंस, "माझी मावशी पाण्याचं वजन करते"? पालकांच्या सभेत तुझ्या बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "बाटल्यांचा व्यवसाय आहे का तुमचा?" त्या दिवशी घरी येताना तू हट्टच धरलास की मी नक्की काय करते ते सांग. मी प्रोटॉनपासून सुरुवात केली आणि दोन चौकांतच तू जांभया द्यायला लागलीस. शेवटी मी तुला बाबांच्या दुकानात नेलं. दोन चष्मे मागितले. एकच फ्रेम, एकच नंबर, पण एकात काचेची भिंगं आणि दुसऱ्यात प्लास्टिकची. तुला आळीपाळीने घालायला लावले. तू म्हणालीस, "दोन्हीतून सारखंच दिसतं." मग नाक चोळून म्हणालीस, "पण हा जड आहे." मी म्हटलं, झालं. डोळ्यांना फरक कळत नाही, नाकाला कळतो. आमचं यंत्र म्हणजे ते नाक.

मग मात्र तू नीट ऐकलंस. ऑक्सिजनच्या प्रत्येक अणूच्या पोटात आठ प्रोटॉन असतात. आठ आहेत म्हणून तो ऑक्सिजन, सात असते तर नायट्रोजन झाला असता. त्यांच्या जोडीला न्यूट्रॉन असतात, आणि त्यांची संख्या मात्र सगळ्यांकडे सारखी नसते. बहुतेक अणूंमध्ये आठ, पण एखाद्यात दहा. तो दहावाला थोडा जड. बाकी चालणं-बोलणं, कुणाशी जमणं, कुणाशी न जमणं सगळं जवळजवळ तसंच. मूलद्रव्यांच्या तक्त्यात दोघांची चौकटही एकच, म्हणून त्यांना समस्थानिक म्हणायचं. तेव्हा तू चष्मा नाकावरून खाली ओढून विचारलंस, "एकाच चौकटीत? मग जागेसाठी भांडत नाहीत?" मी हसून म्हटलं, अगं, ती काय खुर्ची आहे? आणि पुढच्या गोष्टीकडे वळले. स्वतःच्या तोंडून निघालेली वाक्यं कधी कधी आपल्यालाच ऐकू येत नाहीत.

समोरच्या काकूंचं प्रकरणही तेव्हाचंच. मी 'अणूचं' काम करते म्हणून त्या त्यांच्या मुलीला आपल्याकडे खेळायला पाठवत नसत. त्यांना वाटायचं, मी रात्री अंधारात चमकत असणार. मी त्यांना किती वेळा सांगितलं, की समस्थानिकांत काही अस्वस्थ जातीचे असतात. त्यांना आपलं वजन पेलवत नाही, मग ते किरण फेकत फेकत हळूहळू शांत होतात. तेवढे किरणोत्सारी. कुणी तेल वाहून नेणाऱ्या नळाचं वेल्डिंग तपासायला वापरतं, कुणी धूर झाला की घंटा वाजवायला, कुणी जुन्या लाकडाचं वय काढायला. माझे तसले नाहीत, माझे शांत आहेत. काकू मान डोलवायच्या आणि मुलीला घरात ओढायच्या. मग त्यांच्या गळ्याला गाठ आली. दवाखान्यात त्यांना किरणोत्सारी पदार्थाचा अगदी थोडा डोस दिला. गळ्यातल्या ग्रंथीने तो आपलाच समजून ओढून घेतला आणि कॅमेऱ्याने ग्रंथीचं चित्र काढलं. गाठ साधी निघाली. त्या संध्याकाळी काकू स्वतः आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या त्या मंडळींनी पाहिलं हो माझ्या गळ्यात. चांगली आहेत." जणू माझ्या माहेरचेच लोक होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांची मुलगी आपल्याकडे, आणि तुमची दोघींची दंगल माझ्या डोक्यावर.

माझ्या शांत मंडळींचं मुख्य काम म्हणजे सगळं कुठून आलं ते सांगणं. मध फुलांचा की साखरेच्या पाकाचा, हे मधातला कार्बन सांगतो. (बाबांच्या मित्राचा 'अस्सल' मध आठवतो? त्या मैत्रीचं काय झालं, तेही आठवत असेल.) आणि पाणी कुठलं, हे पाण्यातला ऑक्सिजन सांगतो. समुद्रावरून ढग निघाला की जड पाणी आधी पडून जातं, किनाऱ्याजवळच. हलकं पाणी पुढे जातं, चढत चढत आपल्या डोंगरापर्यंत येतं. म्हणून तुझ्या जन्मगावचं पाणी किंचित जड आणि आपल्या नळाचं हलकं. जिभेला काही कळत नाही, यंत्राला कळतं.

पण नुसतं यंत्र पुरत नाही, तुलनेला ओळखीचं पाणी लागतं. तेच आमचं मानक पाणी, स्टीलच्या बंद ड्रममध्ये जपलेलं. सात वर्षांची असताना तू सुट्टीत माझ्याबरोबर प्रयोगशाळेत आलीस आणि 'मदत' म्हणून त्या ड्रमच्या तोटीतून खिडकीतल्या सगळ्या कुंड्यांना पाणी घातलंस. तोटी बंद करायची राहिली. पाणी दाराखालून थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत. साहेब ओल्या बुटांनी बाहेर आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, आपलं मानक पाणी आता माझ्या मोज्यांत आहे." तू माझ्या मागे लपलीस आणि तिथून म्हणालीस, "मोजे पिळून परत घाला ना." साहेब हसायला लागले ते थांबेचनात. नवीन पाणी भरायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. वर्षभर न बदलणारं पाणी हवं होतं, आणि आपल्या घरचा नळ डोंगरातल्या झऱ्याचा. स्वयंपाकघरातल्या नळाला नळी लावून मी अख्खा ड्रम भरला. मग तो जगमान्य मानकाशी ताडून घेतला आणि वर चिठ्ठी लावली, 'खार'. तोपर्यंत तुझे वरचे दोन मोठे दात आले होते ना, अगदी खारीसारखे. तेव्हापासून आजपर्यंत आमच्याकडे हजारो नमुने आले, आणि प्रत्येकाच्या आधी कुणीतरी ओरडतं, "खार लावा!" तू घर सोडून गेलीस, पण तुझं नाव रोज सकाळी माझ्या कानावर पडतं.

त्याच सुमारास तुझं पोट बिघडलं होतं. डॉक्टर म्हणाले, पाणी उकळून द्या. किती वेळ, ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. नव्याने घरात आलेली, दुसऱ्या बाईचं मूल हातात, मला कुठली जोखीम घ्यायची नव्हती. आपलं ते मोठं पातेलं तुझ्या आईचं, समुद्राकाठच्या घरातून आलेलं. सामान उतरवताना त्याला बाहेरून मार बसला होता आणि आत एक पोचा आला होता. मी काठोकाठ पाणी भरायचे आणि पोचा उघडा पडेपर्यंत उकळत ठेवायचे. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश पाणी वाफ होऊन जायचं. पोट बरं झालं, पण सवय राहिली. पोच्यापर्यंत आल्याशिवाय मी गॅस बंद करत नसे. तुझ्या शाळेच्या बाटलीत तेच पाणी, खेळायला जाताना तेच, परीक्षेच्या हॉलमध्ये तेच. तू अठरा वर्षांची होऊन घराबाहेर पडेपर्यंत. बाबा स्वयंपाकघरात आले की त्यांचा चष्मा धुरकट व्हायचा आणि ते भिंती चाचपत म्हणायचे, "या घरात मीच गिऱ्हाईक होणार."

आता गेल्या महिन्याची गोष्ट. उत्खनन करणारे एक सर आमच्याकडे फार जुन्या माणसांचे दात घेऊन आले. त्यांना हवं होतं, की ही माणसं त्याच गावात वाढली की कुठून दुसरीकडून आली. दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण कवच, घडत असताना आपण जे पाणी पितो, त्याची खूण त्यात बंद होते आणि मग जन्मभर बदलत नाही. आमच्यासाठी ही पद्धत नवीन. म्हणून आधी एक असा दात मोजायचा होता, ज्याच्या मालकाचं पाणी आम्हाला पक्कं माहीत आहे. कुणाकडे काढलेला दात आहे का, असा पुकारा झाला. कारकून म्हणाले, "माझी कवळी चालेल का? लगेच देतो." मी म्हटलं, माझ्या मुलीची अक्कलदाढ आहे. तुला आठवत असेल, तू ती काढून घेतलीस आणि पुडी माझ्या हातात देऊन "फेकून दे" म्हणालीस. मी फेकली नव्हती. आणि हो, ऑफिसात मी तुला 'माझी मुलगी'च म्हणते. पहिल्या दिवसापासून. घरात म्हणायचं धाडस झालं नाही.

अक्कलदाढेचं कवच साधारण सातव्या-आठव्या वर्षी घडायला लागतं आणि पुढे बरीच वर्षं घडत राहतं. म्हणजे पूर्ण माझ्या घरातलं. नळ आपला, ड्रम आपल्याच नळाचा. दाढेवरून हिशोबाने काढलेला पाण्याचा आकडा 'खार'शी जुळायलाच हवा होता. यापेक्षा सोपी परीक्षा नसेल. मी तर कारकुनांना चहाही कबूल करून बसले होते.

जुळलं नाही. शुक्रवारी आकडा आला तो जड. चांगलाच जड. यंत्र चालवणारी आमची पोरगी तीनदा मोजून बाहेर आली आणि भाबडेपणाने विचारती झाली, "मॅडम, मुलगी समुद्राकडे वाढली का?" पद्धत चुकते आहे, सरांचे दात परत पाठवावे लागणार, अशी चर्चा सुरू झाली. मीही त्यात होते. पण आत काहीतरी भलतंच चाललं होतं. मी ज्या विषयावर व्याख्यानं देते, त्यातला पहिला धडा मला ठाऊक आहे. शरीरातलं पाणी काही आठवड्यांत बदलतं. समुद्राचं पाणी सात वर्षांच्या मुलीत लपून बसणं शक्य नाही. तरी मला वाटलं, बघ, हाडानेसुद्धा आपल्याला ओळख दिली नाही. इतकी वर्षं घरात वाढली आणि दाढ म्हणते, मी तिकडचीच. वेडगळ विचार, मान्य. पण शुक्रवारचा तो आकडा डोक्यात असतानाच रविवारी तू विचारलंस, आजी म्हणू दे ना. आता सांग, मी दुधामागे लपणार नाही तर काय करणार?

मंगळवारी बाबांना सर्दी झाली. मी त्यांच्यासाठी पाणी उकळत ठेवलं, त्याच पातेल्यात, जुन्या सवयीने. बाबा नाक पुसत मागे येऊन उभे राहिले, चष्मा पांढरा झाला, आणि वैतागून म्हणाले, "अगं, बंद कर आता! त्या पोच्याची वाट बघत अर्धं पाणी हवेत घालवतेस. पोरीला जन्मात कधी नळाचं पाणी दिलं नाहीस, नुसता आटवलेला अर्क पाजलास." मी त्यांच्या चष्म्याकडे बघत राहिले. वाफ. आधी कोण उडून जातं? हलकं. मागे कोण राहतं? जड. मी इतक्या जोरात ओरडले की समोरच्या काकू खिडकीत आल्या. बाबांनी घाबरून चष्मा काढला. मी तो त्यांच्या हातातून घेतला, भिंगावरच्या वाफेकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, हे बघा, हे हलकं! त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मी हलकं काही बोललो का?"

पोचा उघडा पडल्यावर गॅस बंद केला. पाणी झाकून निवू दिलं, काठोकाठ बाटलीत भरलं, बूच घट्ट लावलं आणि सकाळी प्रयोगशाळेत नेलं. यंत्राने आकडा दिला. दाढेतून काढलेला आकडा आणि पातेल्यातल्या पाण्याचा आकडा शेजारी शेजारी ठेवले तेव्हा त्यांच्यात जो फरक होता, तो आमच्या मोजण्याच्या चुकीइतकाही नव्हता. पद्धत बरोबर होती. यंत्र बरोबर होतं. चूक माझी, की मी आपल्याच स्वयंपाकघराला समुद्र समजले. उत्खननवाले सर तर खुशीत उड्या मारायचे बाकी होते, कारण आता त्यांना त्यांच्या जुन्या माणसांच्या चुलीही विचारात घ्याव्या लागणार. जाताना मला म्हणाले, "बाई, आम्ही मातीत चुली शोधतो. तुमच्या मुलीच्या दाढेत सापडली." कारकुनांनी चहा वसूल केला. मी मात्र भांडारात जाऊन पाच मिनिटं एकटी उभी राहिले, 'खार' लिहिलेल्या ड्रमला टेकून, कारण डोळे पुसताना बघायला तिथे कुणी येत नाही.

तर आता ती डबी. सरांनी दुसऱ्या दिवशी सहज विचारलं, मुलीचा अजून एखादा दात आहे का, दुधाचा असला तर फारच छान. मी नाही म्हणून सांगितलं. आहे, पण नाही म्हटलं. कारण समोरच्या दुधाच्या दाताचं कवच बरंचसं मूल पोटात असतानाच घडतं. त्यात जे पाणी आहे ते तुझ्या आईने प्यायलेलं आहे, समुद्राकाठच्या त्या घरात, तू तिच्या पोटात असताना. ते मोजायला मी कोण? तू मला सांभाळ म्हणाली होतीस, मी सांभाळलं. पण मला वाटतं, तुला हे ठाऊक असायला हवं, की तिच्यातलं काहीतरी अजून आहे, अगदी खरोखरचं, कापसात गुंडाळलेलं. ती डबी आता तुझ्याकडे यायला हवी. दारात तू 'आहे' म्हणाली होतीस, ते बरोबरच होतं.

आणि हे पत्र लिहिण्याचं खरं कारण तुझ्या पोटात आहे. पाचवा महिना म्हणजे त्याचे दुधाचे दात घडायला लागलेसुद्धा. ते तुझ्या पाण्याचे, त्यात मी लुडबुड करणार नाही. पण पहिली कायमची दाढ जन्माच्या आसपास घडायला सुरुवात होते, आणि तेव्हा मी तिथे असायला हवं, असं मी ठरवलं आहे. रजा मंजूर झाली आहे, तुझ्या आठव्या महिन्यातली तिकिटं बाबांनी काढली आहेत. त्यांनी एवढीशी एक फ्रेमही करून ठेवली आहे, बाळाला चष्मा कशाला लागेल ते विचारू नकोस. पत्र पोचलं की 'राहू दे' हा शब्द मागे घे. मी ती डबी आणते आहे आणि ते पातेलंही आणते आहे, तुझ्या आईचं, माझ्या पोच्यासकट. जावयांना सांग, चष्मा जपा. बाळाला 'आजी' हा शब्द मी शिकवीन, आधी फोटोकडे बोट दाखवून आणि मग माझ्याकडे. तू सात वर्षांची असताना विचारलं होतंस ना, एकाच चौकटीत दोघं असले तर जागेसाठी भांडत नाहीत का? नाही ग. कुणाला उठावं लागत नाही.

तुझीच, थोडीशी खोटी,
मावशी

ता. क. : एवढं लिहून होईपर्यंत दूध खरंच उतू गेलं. बाबा म्हणतात, या वेळी साक्षीदार आहेत.